वाकड्या जबड्याचं ऑपरेशन: कॉम्प्युटर प्लॅनिंगला पैसे द्यावेत का?

पत्र:

"माझी मुलगी २१ वर्षांची आहे. खालचा जबडा पुढे आलेला आणि हनुवटी डावीकडे गेलेली. दातांना तारा लावून सव्वा वर्ष झालं, आता ऑपरेशन करायचं म्हणतात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही जबडे हलवावे लागतील, प्लॅनिंग कॉम्प्युटरवर करू, त्याचे ४०,००० रुपये वेगळे. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, पंचवीस वर्षं प्लास्टरच्या साच्यावर करतोय, कुणाचं काही अडलं नाही, कशाला पैसे घालवता? पुण्यात तिला स्क्रीनवर ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवला. तिने त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलाय, रोज बघते. तिच्या सोळाव्या वर्षीच्या फोटोत हनुवटी एवढी वाकडी दिसत नाही, हळूहळू सरकत गेली असं मला वाटतं, पण घरात कुणाला ते पटत नाही. हाड मशीनच कापणार का? सीटी स्कॅनचा पुढे त्रास होतो का? सासूबाईंचं म्हणणं, तुळशीच्या लग्नानंतर बघण्याचे कार्यक्रम सुरू करायचे आहेत, त्याआधी उरकून घ्या. काय करावं?"
– एक आई, इचलकरंजी

ताई,

सरळ उत्तर आधी देतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत कॉम्प्युटर प्लॅनिंगचे पैसे द्यावेत असंच मी म्हणेन. कोल्हापूरचे डॉक्टर खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं म्हणणं ज्या पेशंटना लागू पडतं त्यांत तुमची लेक बसत नाही. का, ते सांगतोच. मात्र प्लास्टर की कॉम्प्युटर हा वाद थोडा बाजूला ठेवावा असं एक वाक्य तुमच्या पत्रात आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. हनुवटी हळूहळू सरकत गेली, हे ते वाक्य.

खालच्या जबड्याची वाढ मुख्यतः कानापुढच्या सांध्यात बसणाऱ्या त्याच्या गोल टोकाशी होते. मुलींमध्ये ती साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत थांबत येते. काहींच्या बाबतीत मात्र एका बाजूचं टोक थांबायचं नाव घेत नाही, किंवा थांबलेलं पुन्हा वाढायला लागतं. तरुण वयात, त्यातही मुलींमध्ये हे जास्त दिसतं. ज्या बाजूचं हाड वाढतं त्याच्या उलट बाजूला हनुवटी ढकलली जाते. तुमच्या लेकीची हनुवटी डावीकडे गेली आहे, म्हणजे संशय उजव्या सांध्यावर. ही वाढ अजून चालू असेल आणि तशातच ऑपरेशन झालं, तर प्लॅनिंग प्लास्टरवर करा नाहीतर जगातल्या सगळ्यात महागड्या सॉफ्टवेअरवर, दोन-तीन वर्षांत हनुवटी पुन्हा डावीकडे निघालेली दिसेल.

म्हणून घरातले जुने फोटो काढा. दहावीच्या हॉल तिकिटावरचा, बारावीचा, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, असे समोरून काढलेले, तोंड मिटलेले फोटो सालवार लावा. सेल्फी नकोत, त्यात चेहरा वाकतो आणि कधीकधी डाव्याचं उजवं होतं. तारा लावण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टनी दातांचे साचे आणि एक्स-रे घेतलेलेच असतील. सव्वा वर्षापूर्वीचे ते आणि आजचे शेजारी ठेवून बघायला सांगा. शंका राहिली तर बोन स्कॅन करतात. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात हाताच्या शिरेत टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं इंजेक्शन देतात, दोन-तीन तासांनी कॅमेऱ्याखाली झोपवतात, आणि दोन्ही सांध्यांनी ते किती शोषलं याची तुलना करतात. दोन बाजूंत दहा टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली तर वाढ चालू असल्याचा संशय बळावतो. नुसत्या या आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही, फोटो आणि साचे सोबत धरावे लागतात. वाढ चालूच असेल तर दोन वाटा आहेत: ती थांबेपर्यंत वाट बघणं, किंवा सांध्याचं वाढणारं टोक काही मिलिमीटर तासून वाढच थांबवणं. कुठली घ्यायची हे तुमचे सर्जन तपासून ठरवतील. तुम्ही त्यांना विचारायचा प्रश्न एवढाच: वाढ थांबली आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

थांबली आहे असं धरून पुढे जाऊ.

दोन डॉक्टरांतला वाद नेमका कशावर आहे ते कळायला प्लास्टरची पद्धत माहीत हवी. दातांची मापं घेऊन वरचा-खालचा साचा ओततात. फेसबो नावाची एक धातूची कमान असते, तिची दोन टोकं कानांच्या भोकांत बसवून वरचे दात कवटीच्या मानाने कुठे आहेत ते टिपतात आणि साचे त्याच बेताने आर्टिक्युलेटर नावाच्या बिजागरीच्या सांगाड्यावर चढवतात. मग साच्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, करवतीने प्लास्टर कापायचं, दातांचा तुकडा हवा तिथे सरकवून मेणाने चिकटवायचा, कॅलिपरने मोजायचं. मिलिमीटरभर चुकलं तर मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून. मनासारखं झालं की वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये बसेल अशी ॲक्रिलिकची पट्टी घडवायची. तिला स्प्लिंट म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी सुटा केलेला जबडा त्या पट्टीत दात रोवून बसवतात, म्हणजे साच्यावर ठरवलेली जागा तोंडात मिळते. ज्यांनी हे केलंय त्यांच्या नखांत दोन-दोन दिवस प्लास्टर राहतं आणि ॲक्रिलिकचा वास तर जेवतानाही येतो.

या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. खालचा जबडा उभा चिरून सरकवण्याची आजची पद्धत ट्राउनर आणि ओबवेगेझर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा सीटी स्कॅन नावाची गोष्टच नव्हती. माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला १९७१ मध्ये. मधल्या आणि नंतरच्या काळातही जगभरातले जबडे प्लास्टर, मेण आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवर ठेवलेला ट्रेसिंग पेपर यांच्या जोरावरच सरळ झाले. जबडा नुसता पुढे-मागे आहे, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे, एकच जबडा हलवायचा आहे, अशा पेशंटला मुरलेला सर्जन प्लास्टरवर उत्तम निकाल देतो. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे जे अभ्यास झाले त्यांतही, जबडा पुढे-मागे ठरल्याइतका गेला का एवढंच पाहिलं तर फार मोठा फरक निघत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांचा अनुभव तिथून आलाय.

फरक पडतो तो वाकडेपणात. एक तर फेसबो कानांवर टेकतो. चेहरा वाकडा असलेल्या कितीतरी जणांचे कानही एका पातळीत नसतात, मग सांगाड्यावर साचा चढतानाच थोडा तिरका चढतो आणि तो तिरकेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की प्लास्टरच्या साच्यात फक्त दात आणि हिरड्या असतात. दातांच्या मागे कानापर्यंत जाणारा जबडा, जिथे प्रत्यक्ष सुरी-करवत चालायची आहे, तो साच्यात नसतोच.

तिथे काय होतं बघा. खालचा जबडा दाढांच्या मागे दोन्हीकडे असा चिरतात की हाडाच्या दोन फळ्या होतात, बाहेरची सांध्याला जोडलेली आणि आतली दातांना. आगपेटीची आतली पेटी बाहेरच्या खोक्यात सरकावी तशी दातांची फळी मागे-पुढे सरकते, सांधा जागेवर राहतो. जबडा सरळ मागे न्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना सारखंच सरकतं, काही अडत नाही. पण तुमच्या लेकीची हनुवटी मागे न्यायची आहे आणि शिवाय उजवीकडे वळवायची आहे. म्हणजे उजवी बाजू जास्त मागे जाणार, डावी कमी. जबड्याचं पुढचं टोक उजवीकडे वळलं की मागची टोकं डावीकडे फिरतात. उजवीकडे दोन फळ्यांमध्ये फट पडते, आणि डावीकडे आतल्या फळीचं मागचं टोक बाहेरच्या फळीवर जाऊन आदळतं. तशीच ताकद लावून स्क्रू पिळले तर बाहेरची फळी बाहेर फाकते आणि तिच्यासोबत सांध्यातलं टोकही पिळलं जातं. पुढे सांधा दुखणं, जबडा पुन्हा सरकणं, गालाचा कोन एकीकडे फुगलेला दिसणं, यांतलं काहीही त्यातून होऊ शकतं.

प्लास्टरवर काम करणाऱ्या सर्जनला हे ऑपरेशनच्या टेबलावर समजतं. कसबी माणूस तिथल्या तिथे हाड तासून निभावून नेतो, नाही असं नाही. स्क्रीनवर मात्र हे पंधरा दिवस आधी दिसतं. जबड्याकडे खालून, हनुवटीच्या बाजूने बघायचं, तुकडा वळवायचा. जिथे हाडात हाड घुसतं तो भाग वेगळ्या रंगाने उठून दिसतो. डावीकडे चार मिलिमीटर घुसतंय असं दिसलं तर आधीच ठरवता येतं की तेवढं तासायचं, की चीर थोडी वेगळीकडे घ्यायची, की वरचा जबडाच अंशभर फिरवून घ्यायचा म्हणजे खालच्याला कमी वळवावं लागेल. ४०,००० रुपयांतली खरी किंमत या अर्ध्या तासाची आहे असं माझं मत आहे. बाकीच्या चकचकीत गोष्टी त्याच्या मागे.

दोन्ही जबडे का, हेही तुमच्या मनात असेल. नुसता खालचा फार मागे ढकलला तर जिभेला जागा कमी पडते आणि घशातली श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून वरचा थोडा पुढे आणि खालचा थोडा मागे अशी वाटणी करतात. वाकड्या चेहऱ्यात वरचा जबडाही बहुतेक वेळा एका बाजूला खाली उतरलेला असतो. लेकीला दातांत आइस्क्रीमची चपटी काडी आडवी धरायला सांगा आणि समोरून बघा. काडी डोळ्यांच्या रेषेला तिरकी दिसली तर वरचा जबडाही तिरका आहे.

कॉम्प्युटरवरचं काम असं चालतं: चेहऱ्याचा सीटी स्कॅन किंवा कोन बीम सीटी काढतात. त्यात तारांच्या धातूमुळे दातांभोवती चमकदार रेघा पडतात, दात नीट दिसत नाहीत. म्हणून तोंडात फिरवायच्या छोट्या स्कॅनरने दातांचं वेगळं चित्र घेतात आणि सीटीतल्या दातांच्या जागी ते बसवतात. मग डोकं नैसर्गिक स्थितीत कसं असतं ते ठरवतात, कारण सीटी आडवं झोपवून काढतात आणि माणूस जगात वावरतो उभा. त्यानंतर स्क्रीनवर चिरा घेतात, तुकडे हलवतात, आणि ठरलेल्या जागेवरून स्प्लिंट थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात.

यात सगळ्यात नाजूक गोष्ट कॉम्प्युटरची नाहीच. स्कॅनच्या वेळी खालचा जबडा सांध्यात नीट मागे बसलेला असला पाहिजे. पुष्कळ मुलं-मुली दात जुळावेत म्हणून वर्षानुवर्षं जबडा एका बाजूला सरकवून चावतात. ती सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की सांगूनही सुटत नाही. त्या सरकलेल्या स्थितीतच स्कॅन निघाला तर पुढचं सगळं प्लॅनिंग चुकीच्या जागेवरून सुरू होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून स्कॅनच्या आधी डॉक्टर जबडा हाताने धरून, हलकेच बसवून, मेणात किंवा रबरी मसाल्यात चावा घेतात आणि तोच चावा तोंडात ठेवून स्कॅन काढतात. लेक स्कॅनला जाईल तेव्हा असा चावा तोंडात होता का, ते विचारून घ्या. तो नुसता विसरलेला असणंही घडतं, कारण स्कॅन सेंटर वेगळं, डॉक्टर वेगळे.

मशीन कापणार का? नाही. इंटरनेटवर रोबोटचे व्हिडिओ फिरतात ते बघून घाबरू नका. तुमच्या लेकीचं हाड सर्जनच्या हातातली करवतच कापणार. वरच्या जबड्याची चीर नाकाच्या बाजूने मागे, दातांच्या मुळांच्या वरून जाते. ल फोर्ट या फ्रेंच सर्जनने १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांत तुटतात ते दाखवलं, त्यातल्या पहिल्या रेषेचंच नाव या चिरेला आहे. दोन जबड्यांच्या ऑपरेशनला सहसा दोन स्प्लिंट लागतात. पहिली मधली, वरचा जबडा सुटा करून न कापलेल्या खालच्या जबड्याच्या आधाराने बसवायला. दुसरी शेवटची, मग खालचा बसवायला. आता बघा, पहिल्या स्प्लिंटमध्ये वरचा जबडा खालच्याच्या भरवशावर बसतो, म्हणजे सांध्याची जागा इथेही आलीच. आणि वरचा जबडा उंचीला किती असावा, हसताना दात किती दिसावेत, हे स्प्लिंट सांगत नाही. ते सर्जनला नाकाच्या मुळाशी लावलेल्या पिनेपासून कॅलिपरने मोजूनच बघावं लागतं. कॉम्प्युटरने ठरवलेलं टेबलावर उतरवणारा हात कुणाचा, हे प्लास्टरच्या काळात जितकं महत्त्वाचं होतं तितकंच आजही आहे. मला विचाराल तर नवख्या हाताने केलेल्या कॉम्प्युटर प्लॅनिंगपेक्षा मी मुरलेल्या हाताचं प्लास्टर निवडेन. पुण्याच्या डॉक्टरांना, अशी वाकड्या चेहऱ्याची दोन जबड्यांची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे कुठे कापायचं ते दाखवणारे, हाडावर बसवायचे साचे म्हणजे कटिंग गाइड, आणि त्या पेशंटच्याच मापाच्या टायटॅनियमच्या प्लेटा. स्क्रूची भोकंसुद्धा आधी ठरलेली असतात, त्यामुळे वरचा जबडा खालच्याच्या आधाराशिवाय बसवता येतो. पद्धत सुरेख आहे, पण खर्च बराच वाढतो. प्रत्येकाला त्याची गरज नसते. तुमच्याकडे सांगितलेल्या ४०,००० मध्ये काय काय येतं ते लिहून मागा: सीटी धरून की सोडून, दोन्ही स्प्लिंट त्यात आहेत का, गाइड आहेत का. "प्लॅनिंग चार्ज" एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका.

आणि हे प्लॅनिंग करतं कोण? बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या कंपनीचा इंजिनिअर स्क्रीन चालवतो आणि सर्जन व्हिडिओ कॉलवर सूचना देतो. त्यात वावगं काही नाही. इंजिनिअर सॉफ्टवेअरमध्ये तरबेज असतो. पण त्याने लेकीचा चेहरा पाहिलेला नाही, ती बोलताना ओठ कसा वर जातो, हसताना कुठल्या बाजूचे दात जास्त दिसतात, हे त्याला ठाऊक नाही. हे सर्जनने तिला समोर बसवून मोजलेलं असलं पाहिजे आणि प्लॅनिंगच्या वेळी ते आकडे त्यांच्या हातात असले पाहिजेत. ऑर्थोडॉन्टिस्टही त्या बैठकीत असावेत. शेवटी एक रिपोर्ट निघतो, त्यात कुठला बिंदू किती मिलिमीटर पुढे, मागे, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जाणार याचा तक्ता असतो. त्याची प्रत मागून ठेवा, सीटीची सीडीसुद्धा. ऑपरेशननंतर पुन्हा स्कॅन काढला तर ठरलेलं आणि झालेलं एकावर एक ठेवून बघता येतं. दोन मिलिमीटरच्या आत फरक असला तर प्लॅन नीट उतरला असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानतात.

आता त्या मोबाइलमधल्या फोटोबद्दल. ताई, यावर लेकीशी तुम्ही बोला, आणि तिच्या डॉक्टरांनाही बोलायला लावा. हाडाचा तुकडा कुठे जाईल ते सॉफ्टवेअर बऱ्यापैकी नेमकं सांगतं. त्यावरची कातडी, ओठ, नाक कसे बसतील ते सांगताना त्याची धांदल उडते. हनुवटीवरची कातडी हाडासोबत जवळजवळ तितकीच जाते, तिथे अंदाज चांगला येतो. ओठांवर सगळ्यात जास्त चुकतं. कुणाचा ओठ जाड, कुणाचा आखडलेला, कुणी तो सतत ताणून मिटायची सवय लावून घेतलेली. वरचा जबडा पुढे आणला की नाकपुड्या थोड्या रुंद होतात. आतून एक टाका घालून ते आवरतात, पण चित्रात ते दिसतंच असं नाही. शिवाय त्या स्क्रीनवरच्या चेहऱ्याला भाव नसतात. तो हसत नाही, जांभई देत नाही. तेव्हा ते चित्र डॉक्टर आणि पेशंट यांनी एका दिशेने बोलावं यासाठी आहे, हमीपत्र नव्हे. सर्जनने हे तिला फोटो दाखवतानाच सांगायला हवं होतं. तो रोज बघण्याऐवजी, त्यात तिला नेमकं काय आवडतं ते तिला कागदावर लिहायला सांगा. "हनुवटी मध्यावर आली" असं लिहिलं तर उत्तम, ते मिळणं शक्य आहे. "ओठ असे झाले" असं लिहिलं तर ऑपरेशनआधी सर्जनपाशी बसून त्यावर स्पष्ट बोलणं व्हायला हवं.

ज्या गोष्टी कॉम्प्युटर टाळू शकत नाही त्या तिला कुणी सांगितल्या आहेत का, तेही बघा. खालच्या जबड्यातून ओठ आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. स्कॅनमध्ये तिचा मार्ग दिसतो, त्याप्रमाणे चीर आखता येते, तरीही ऑपरेशननंतर खालचा ओठ बधीर होणं नेहमीचं आहे. बहुतेकांना काही महिन्यांत जाणीव परत येते, काहींना थोडा भाग कायमचा बधीर राहतो. चेहऱ्याची हालचाल त्याने जात नाही, पण चहा किती गरम आहे ते ओठाला कळत नाही, हनुवटीवर आमटीचा ओघळ आला तरी समजत नाही. हे आधी माहीत असलेला पेशंट आणि नंतर कळलेला पेशंट यांच्यात फार फरक पडतो.

सीटीची भीती मात्र सोडा. चेहऱ्याच्या एका सीटीतून मिळणारा किरणांचा डोस साधारण एक मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो, कोन बीमचा त्याहून बराच कमी. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षभरात आपोआप मिळणारा डोस जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट आहे. २१ वर्षांच्या मुलीचा एक स्कॅन कारणासाठी काढला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ती गरोदर नाही याची खात्री करतात. दोन डॉक्टरांकडे दोनदा स्कॅन मात्र काढू नका, पहिल्याचीच सीडी दुसऱ्याला द्या. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा स्कॅन असला की प्लॅनिंगला चालतो.

एक बारीक गोष्ट, जी सांगायची राहून जाते: प्लॅनिंगसाठी दातांचा स्कॅन झाला की त्या दिवसापासून ऑपरेशनपर्यंत तारांना कुणीही हात लावायचा नाही. त्याआधी काही आठवडे जाड तार बसवून दात स्थिर झालेले हवेत. मधल्या काळात एखादा ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावर चिकटवलेला तुकडा, निघाला, कुणी नवी तार घातली, किंवा दातात सिमेंट भरलं, तर दात केसभर का होईना हलतो किंवा बदलतो, आणि छापलेली स्प्लिंट तोंडात बसत नाही. ब्रॅकेट निघाला तर लगेच दोन्ही डॉक्टरांना फोन करा. दोन्ही स्प्लिंट ऑपरेशनच्या आधी लेकीच्या दातांवर बसवून बघायला सांगा, आधी वर, मग खाली. दोन मिनिटांचं काम आहे आणि आदल्या दिवशी कळलं तर दुरुस्त करता येतं. खालच्या अक्कलदाढा असतील तर त्या कधी काढायच्या तेही आत्ताच विचारा. चिरेच्या वाटेवरच त्या येतात, म्हणून बरेच सर्जन सहा महिने आधी काढून घेतात.

खर्चाचं. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, आणि कंपनी हे ऑपरेशन त्याच खात्यात टाकायला बघते. वैद्यकीय गरजेपोटी केलेली असेल तर गोष्ट वेगळी होते. सर्जनच्या पत्रात चावताना होणारा त्रास, पुढच्या दातांनी घास तुटत नाही, सांधा दुखतो, उच्चारात अडचण येते, यांतलं जे खरं आहे ते मोजमापांसकट लिहिलेलं असू द्या, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्या. पैशाची ओढाताण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत मुखशल्यचिकित्सेचा विभाग आहे, तिथे खर्च खूपच कमी येतो. नंबर लागायला वेळ जातो, तेवढी तयारी ठेवा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. आधी लेकीला विचारा की तिला हे कशासाठी हवं आहे. तिला स्वतःला नीट चावायचं आहे, आरशात बघायचं आहे, तर दोन वर्षं तारा सोसायचं बळ तिच्यात येईल. कांदेपोह्यांसाठी म्हणून टेबलावर चढवलेल्या मुलीला ते जड जातं. तारखांचं म्हणाल तर हिशोब असा: आधी वाढ थांबल्याची खात्री, मग स्कॅन आणि प्लॅनिंग. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस हॉस्पिटल. पहिले काही दिवस पेज, ताक, नाचणीचं आंबील, मुगाचं कढण असं पातळच. मग खिमट, मऊ भात. भाकरी आणि चावून खायचं काहीही साधारण सहा आठवडे नाही. ठळक सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, शेवटची बारीक सूज जायला सहा महिने किंवा जास्तही लागतात, आणि तोवर दात पक्के जुळवायला ताराही तोंडातच असतात. म्हणजे दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं तरी यंदाच्या तुळशीच्या लग्नाला चेहरा सुजलेला आणि दातांवर तारा असणार. सासूबाईंना पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नाचं सांगा, आणि बोन स्कॅनमध्ये वाढ चालू निघाली तर तेही सांगू नका.